गावाबाहेर आहात आन् झेडपीचं मतदान आलंय? या चुका टाळा

झेडपी-ग्रामपंचायतीचं वारं सुटलं की लोक विचारायलेत, आम्ही पुण्याला कंपनीत, नाहीतर सांगली-कोल्हापूरकडं ऊसतोडीच्या फडावर, मग मत ऑनलाईन किंवा पोस्टानं देता येतं का? नाही येत. बीडकडल्या वडवणी-धारूरची अख्खी ऊसतोड टोळी बाहेर असली तरी नाही, बूथवर स्वतः यावंच लागतं. हंगाम दिवाळीच्या आगंमागं सुरू होतो, तेव्हा उचल (आगाऊ पैसे) घेतानाच टोळीच्या मुकादमाच्या कानावर घाला की मतदानाला दोन दिवस गावी जाणार. उमेदवार गाडी पाठवील या भरवशावर राहू नका, मतदारांची अशी फुकट ने-आण नियमात बसतच नाही.

दुसरा घोळ म्हणजे लोकसभेचा नियम इथं लावायचा. २०२४ ला ८५ च्या पुढच्या आजीचं मत घरी येऊन घेतलं, बरोबर, पण ती सोय लोकसभा-विधानसभेची. झेडपी, नगरपालिका, ग्रामपंचायत राज्य निवडणूक आयोग घेतो, तिथं आजीला बूथवर न्यावं लागंल. टपाली मत आहे ते मुख्यतः निवडणुकीच्या ड्युटीवरल्या लोकांना, आणि गुरुजी लोकांनो, ते आपोआप येत नाही, ड्युटीचा आदेश हातात पडला की लगेच निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडं अर्ज टाका.

खरी गडबड यादीत होते. स्थानिकची यादी वेगळी बनत नाही, विधानसभेचीच घेऊन गण (पंचायत समितीचा मतदारसंघ) आन् प्रभागात फोडतात. २०२५ ला जाहीर झालेल्या निवडणुकांना १ जुलै २०२५ ची यादी धरली, मग नोव्हेंबरात तहसीलला जाऊन नवीन नाव टाका म्हणणाऱ्यांचं काय होणार! प्रारूप यादीवर हरकत घेता येते, पण ती चुकीचा प्रभाग, सुटलेलं नाव, छपाईची चूक एवढ्यापुरतीच. म्हणून निवडणुकीची चाहूल नसतानाच बीएलओला (बूथची मतदार यादी बघणाऱ्या कर्मचाऱ्याला) गाठा.

कायमचं पुण्यालाच राहायचं ठरलं असंल तर फॉर्म ८ भरून नाव तिकडं हलवा. काहीजण गावातलं नाव तसंच ठेवून तिकडं नवीन नोंदणीचा फॉर्म ६ भरतात, दोन्हीकडं वजन राहतं म्हणे. खोटी माहिती देऊन दुबार नोंदणी केली तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, नसता उद्योग.

आणि एवढ्या लांबून आलात आन् बूथवर कळलं की तुमच्या नावावर कुणीतरी आधीच बटण दाबून गेलंय (बाहेरगावच्यांच्या नावावर हे जास्त होतं), तर भांडत बसू नका, ओळखपत्र दाखवा आणि केंद्राध्यक्षाकडं प्रदत्त मत मागा. ते मशीनवर नसतं, मतपत्रिका वेगळ्या पाकिटात ठेवतात. नेहमीच्या मोजणीत धरत नाहीत, पण प्रकरण कोर्टात गेलं तर कामाला येतं.