मनातलं फाउंटन पेन हातात आलं? आता या चुका टाळा

कुणाच्या मनात लॅमी २००० असतं, कुणाच्या पायलट कस्टम ७४. पैसे साठवून, घरच्यांना पटवून ते एकदाचं हातात येतं तेव्हाचा आनंद मनसोक्त घ्यावा. पण नव्या पेनाच्या तक्रारी बहुधा याच उत्साहातल्या घाईतून निघतात. पेन चांगलंच असतं.

घाई सुरू होते निब निवडताना. पाकिटावर ‘फाइन’ लिहिलंय म्हणजे सगळ्या फाइन सारख्या, असं धरू नका. पायलट, सेलर, प्लॅटिनम या जपानी कंपन्यांची फाइन निब जर्मन फाइनपेक्षा बारीक लिहिते. इंग्रजीत हा फरक खपून जातो, मराठीत नाही. ‘क्ष’, ‘ष्ट’, ‘द्ध’ यांच्या पोटातली जागा जाड, भरपूर शाई सोडणाऱ्या निबेने बुजते आणि सुंदर अक्षरही गिचमिड दिसतं. बारीक अक्षर असेल तर जपानी फाइन घ्या. मोठं, मोकळं अक्षर असेल तर जर्मन मीडियम झकास. लॅमी २००० तशी भरपूर शाई सोडते, म्हणून तिथे मी एक पायरी बारीकच सुचवेन.

दुकानात बहुतेकजण सही करून बघतात. सहीवरून काही कळत नाही, ती सवयीने झरकन होते. आपल्या नेहमीच्या वेगाने दोन-तीन वाक्यं लिहा आणि प्रत्येक शब्दावर सावकाश शिरोरेघ ओढा. डावीकडून उजवीकडे जाणारी ती आडवी रेघ मध्येच तुटली, तर निबेत काहीतरी गडबड आहे. मात्र नुसती दौतीत बुडवून दिलेली निब पहिल्या काही ओळी छानच लिहिते, त्यावर भुलू नका. शक्य असेल तर पेन भरून मागा.

घरी आल्यावर लगेच शाई भरायची घाई नको. कारखान्यातलं तेल कधीकधी निबेवर आणि तिच्याखालच्या फीडमध्ये, म्हणजे निबेला शाई पोचवणाऱ्या खाचांच्या भागात, राहतं, आणि मग शाई अडखळते. वाटीभर साध्या पाण्यात भांड्यांच्या लिक्विड साबणाचा एक थेंब टाकून ते पाणी पेनात चार-पाच वेळा आत-बाहेर करा, नंतर स्वच्छ पाण्याने धुवा. गरम पाणी आणि स्पिरिट अजिबात नको.

शाईची चूक सगळ्यात महागात पडते. स्टेशनरीच्या दुकानात ड्रॉइंगची वॉटरप्रूफ शाई आणि पेनाची शाई एकाच फळीवर शेजारी-शेजारी असतात. ड्रॉइंगच्या शाईत लाख असू शकते. ती फीडच्या बारीक खाचांत वाळली की सहजासहजी निघत नाही. लेबलवर फाउंटन पेनची शाई असं लिहिलेलं बघूनच घ्या. सुरुवातीला चमकीची शाई टाळा. कॅमलची रॉयल ब्लू उत्तम. कॅमलिनच्या दांडेकरांनी १९३१ साली मुंबईत हा उद्योग शाईपासूनच सुरू केला होता. आणि दोन शाया पेनात एकत्र करू नका.

शाई उतरत नसेल तर

आधी हात बघा. बॉलपेनची सवय असली की आपण दाबून लिहितो. फाउंटन पेनात शाई केशाकर्षणाने येते. दाब दिला की निबेच्या दोन पात्या फाकतात, मधली फट रुंदावते आणि शाई तुटते. पेनाचं वजन पुरेसं असतं, हाताने फक्त दिशा द्यायची.

तरीही अडखळतंय? कन्व्हर्टर, म्हणजे शाई ओढून साठवणारी आतली सुटी नळी, असेल तर तो घट्ट बसलाय का बघा. कधी शाई त्याच्या मागच्या टोकाला चिकटून बसते, पेनाला हलकेच टिचकी मारून ती सैल करा. मग पुन्हा एकदा धुवा. एवढं करूनही फरक पडला नाही, तर भिंगातून समोरून निब पाहा. पात्या वर-खाली झाल्या असतील तर पेन विक्रेत्याकडे परत पाठवा. सँडपेपरने घासून ‘गुळगुळीत’ करायच्या फंदात पडू नका: निबेच्या टोकावरचा कठीण धातूचा कण एकदा झिजला की घरच्या घरी पुन्हा बसवता येत नाही, आणि वॉरंटीही जाते.

आंध्रातल्या राजमहेंद्रीची एबोनाइटची, म्हणजे कडक रबराची, पेनं घेणाऱ्यांना वेगळा अनुभव येतो. त्यांतल्या बऱ्याच पेनांच्या नळीत थेट ड्रॉपरने शाई भरतात. शाई संपत आली की हाताच्या उबेने आतली हवा फुगते आणि पेन शाई ओकतं. हा दोष नाही. एक तृतीयांश उरली की भरून टाका, आणि आट्यांना सिलिकॉन ग्रीस लावा.

शाई फुटत असेल तर आधी वही बदलून बघा. जाड कागद म्हणजे चांगला कागद, हे खरं नाही. टोमोए रिव्हर हा जपानी कागद ५२ जीएसएमचा, अगदी पातळ, तरी त्यावर शाई फुटत नाही. उलट कोकणात पावसाळ्यात दमट झालेल्या चांगल्या वहीवरही ती पसरते.

आणि पेन काही आठवडे वापरणार नसाल तर रिकामं करून, धुऊन ठेवा. आत शाई वाळलीच असेल, तर निबेचा भाग रात्रभर साध्या पाण्यात ठेवा. एबोनाइट मात्र पाण्यात भिजवू नका, त्याचा रंग जातो.