लेसरचा तारा हा तारा नव्हे: अडॅप्टिव्ह ऑप्टिक्समधल्या या चुका टाळा

अडॅप्टिव्ह ऑप्टिक्स म्हणजे हवेमुळे ताऱ्याच्या प्रकाशात होणारी गडबड सतत मोजून वाकणाऱ्या आरशाने ती दुरुस्त करण्याचं तंत्र; मोजण्यासाठी जवळ ठळक तारा नसेल, तर लेसरने कृत्रिम तारा लावतात. दुर्बिणीवरून सोडियम लेसर आकाशात सोडला की सुमारे ९० किलोमीटर उंचीवर एक पिवळसर ठिपका उजळतो. जळून गेलेल्या उल्कांमधले सोडियमचे अणू तिथे साधारण १० किलोमीटर जाडीच्या थरात असतात आणि ५८९ नॅनोमीटरच्या प्रकाशात चमकतात. लेसरने कृत्रिम तारा उभा करण्याची कल्पना रेनो फ्वा आणि आंत्वान लाबेरी यांनी १९८५ साली मांडली. ठिपका ताऱ्यासारखा दिसतो खरा, पण तो वातावरणाच्या आतच आपण लावलेला दिवा आहे. हे विसरलं की चुका सुरू होतात.

खऱ्या ताऱ्याशिवाय काम भागेल असं मानणं. सर्वांत महागात पडणारी चूक हीच. लेसरचा झोत वर जाताना हवेमुळे हलतो आणि प्रकाश खाली येताना पुन्हा हलतो. दोन्ही हालचाली एकमेकींत मिसळतात, त्यामुळे प्रतिमा नेमकी कुठे सरकली हे लेसरच्या ठिपक्यावरून कळतच नाही. वेव्हफ्रंट सेन्सरवर, म्हणजे प्रकाशलहरींची गडबड मोजणाऱ्या यंत्रावर, सगळं उत्तम दिसतंय, पण लांब एक्स्पोजरमध्ये तारे फरफटलेले येत असतील, तर आधी इथे शोधा. या सरकण्याच्या, म्हणजे टिप-टिल्टच्या दुरुस्तीसाठी नैसर्गिक तारा लागतोच. मात्र तो बराच अंधुक चालतो, कारण त्याची फक्त जागा मोजायची असते. निरीक्षणाच्या रात्री धावपळ करण्यापेक्षा लक्ष्य निवडतानाच त्याच्याजवळ असा तारा आहे का, ते पाहून ठेवा.

फोकस एकदा लावून विसरणं. दिवा जवळ आहे, म्हणून त्याचं अंतर बदललं की फोकस बदलतो. दुर्बीण माथ्यावरून ६० अंश कलली की ९० किलोमीटरचे १८० होतात; हा बदल निदान हिशोबात धरता येतो. खरी पंचाईत सोडियमचा थर स्वतःच वर-खाली होतो तेव्हा होते. सेन्सरला ती वातावरणातली गडबड वाटते आणि तो आरसा चुकीच्या दिशेने वाकवतो. ही चूक आरशाच्या व्यासाच्या वर्गाने वाढते: ८ मीटरच्या दुर्बिणीपेक्षा ३९ मीटरच्या ईएलटी या महाकाय दुर्बिणीवर सुमारे २४ पट. प्रतिमा गोल पण हळूहळू फुगत चालली असेल, तर नैसर्गिक ताऱ्यावरून फोकस पडताळा.

एकाच ठिपक्यावर सगळी भिस्त ठेवणं. ताऱ्याचा प्रकाश दंडगोलात येतो, लेसरचा शंकूत. १० किलोमीटर उंचीवर ८ मीटरच्या आरशासाठी हा शंकू जेमतेम ७.१ मीटर रुंद असतो; कडेची हवा मोजलीच जात नाही. चिलीतल्या व्हीएलटी या दुर्बीण-समूहातल्या येपुन दुर्बिणीवर २०१६ पासून २२ वॉटचे चार लेसर आहेत. अनेक ठिपके असले की ही उणीव बरीचशी भरून काढता येते.

ठिपका मंदावला की थेट लेसरची ताकद वाढवणं. आधी आकाश बघा. विरळ सिरस ढगाने ताऱ्याचा २० टक्के प्रकाश अडवला, तर लेसरचा ३६ टक्के अडतो, कारण त्याला ढग दोनदा ओलांडावा लागतो. सोडियमचं प्रमाणही ऋतूनुसार बदलतं. आकाश स्वच्छ असेल, तर झोताचं वर्तुळाकार ध्रुवीकरण (प्रकाशलहरीच्या कंपनाची दिशा गोल फिरत राहणं) नीट आहे का, ते तपासा. मग रिपंपिंग पाहा: मुख्य वारंवारितेपासून सुमारे १.७ गिगाहर्ट्झवर थोडी शक्ती दिली नाही, तर काही अणू अशा अवस्थेत अडकतात की लेसर त्यांना पुन्हा चमकवू शकत नाही.

अनेक लेसर आरशाच्या मधूनच सोडले, तर एका झोताचा खालच्या हवेत विखुरलेला प्रकाश दुसऱ्याच्या सेन्सरवर पडतो. झोत आरशाच्या कडेवरून सोडले की हा त्रास टळतो, पण थराच्या जाडीमुळे समोरच्या कडेला ठिपका लांबट दिसतो. ३९ मीटरच्या आरशावर ही लांबी जवळपास १० विकला (आर्कसेकंद, म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) असते. सेन्सरचे पिक्सेल ही लांबी धरूनच ठरवा.

आणि विमान दिसलं की झोत बंद करण्याची व्यवस्था रोज चालवून बघा. शेजारी दुसरी दुर्बीण असेल, तर तिच्या दृष्टिरेषेत आपला झोत येत नाही ना, हेही लक्ष्य बदलताना दर वेळी तपासा.