दिवंगत व्यक्तीचा चॅटबॉट तयार करताना

रोमान माझुरेंको हे २०१५ मध्ये मॉस्कोत अपघातात गेले, तेव्हा त्यांची मैत्रीण युजीनिया कुइडा हिने त्यांचे जुने संदेश गोळा करून त्यांच्यासारखा बोलणारा बॉट तयार करवून घेतला. त्यासाठी तेव्हा तिला आपल्या कंपनीतील अभियंत्यांची मदत लागली; आज नेहमीचा चॅटबॉट आणि फोनमधील संदेश एवढ्यावर ते काम एका संध्याकाळी होते. इतके सोपे झाल्यामुळेच सुरुवात करण्यापूर्वी थांबण्याची तारीख ठरवून ती घरातील एखाद्या जाणत्या माणसाला सांगून ठेवावी.

व्हॉट्सॲपमधील 'एक्सपोर्ट चॅट' या पर्यायाने संभाषणाची मजकूर-फाइल मिळते, पण ती जशीच्या तशी चॅटबॉटला देऊ नये. तिच्यात एखाद्या भावंडाचे आजारपण असते, बँकेचे तपशील असतात. युरोपीय संघाचा जीडीपीआर हा माहिती-संरक्षण कायदा मृतांच्या माहितीला लागू होत नसला तरी जिवंत माणसांच्या माहितीला होतो, आणि कायदा नसला तरी त्यांना विचारणे हे आपले काम आहेच. ज्यांत त्या व्यक्तीचा सूर उमटला आहे असे शे-दोनशे संदेश निवडून तेवढेच द्यावेत आणि ते चॅटबॉटच्या प्रशिक्षणासाठी वापरले जाऊ नयेत यासाठीची सेटिंग आधी तपासावी.

खरी मेहनत सूचना लिहिण्यात आहे. 'माझ्या वडिलांसारखे बोल' एवढे सांगितल्यास चॅटबॉट गोड, लांबलचक, सल्ला देणारी वाक्ये लिहितो. प्रत्यक्षात वडील 'पोचलो' एवढाच एक शब्द पाठवत असतील, तर ते सूचनेत लिहावे लागते. ते कोणाला कोणत्या नावाने हाक मारत, चिडल्यावर काय म्हणत, कोणत्या विषयावर गप्प बसत, हेही लिहावे. सर्वांत महत्त्वाची सूचना अशी: 'दिलेल्या संदेशांत जे नाही ते विचारल्यास आठवत नाही असे सांग.' चॅटबॉटमागचे भाषेचे मॉडेल संभाव्य शब्द जुळवत जाते. त्याला स्मरण नसते, त्यामुळे रिकामी जागा ते बेमालूम भरून टाकते.

म्हणून एक परीक्षा घ्यावी. कधीही न घडलेल्या प्रवासाबद्दल विचारावे: 'आपण समुद्रावर गेलो होतो तेव्हा छत्री कोणी हरवली?' बॉटने छत्रीचा रंगसुद्धा सांगितला, तर सूचना कडक कराव्यात. तरीही तो सांगतच राहिला, तर हा खटाटोप सोडून द्यावा. संभाषण फार लांबल्यावर आरंभीच्या सूचनांचा प्रभाव ओसरू शकतो, त्यामुळे दर वेळी नवे संभाषण उघडणे बरे. 'तुम्ही मला माफ केले का' हा प्रश्न मात्र विचारूच नये. उत्तर बहुधा होकारार्थीच येईल, आणि ते त्या व्यक्तीचे नसेल. आवाजाची नक्कल करणारी साधने माझ्या मते मृत्यूनंतरच्या पहिल्या वर्षात टाळावीत. लहान मुलांसमोर तर काहीच चालवू नये.

ठरलेली तारीख आली की संभाषण, दिलेली फाइल आणि चॅटबॉटने 'मेमरी'त साठवलेल्या नोंदी, तिन्ही पुसाव्यात. मूळ संदेशांची फाइल वेगळ्या ठिकाणी जपावी आणि बॉटची उत्तरे तिच्यात मिसळू देऊ नयेत, कारण काही वर्षांनी कोणते वाक्य कोणाचे हे घरच्यांनाही ओळखता येणार नाही.