छोट्या रानासाठी ट्रॅक्टर घेताय? नांगरट आणि हॅरोच्या बाबतीत या चुका टाळा

ट्रॅक्टरची चौकशी सुरू झाली की पहिला प्रश्न येतो तो "रान किती एकर?" नांगरटीच्या दृष्टीने हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न जमिनीचा आहे: ती नांगराला किती अडवते? एक एकर चिकण माती २० सेंटीमीटर खोल नांगरायला जेवढी ओढ लागते, तेवढीच दहा एकरांना लागते. एकर वाढले की फक्त वेळ वाढतो.

तो वेळही हिशेबात बसतो. प्रत्येकी ३० सेंटीमीटर कापणारा दोन फाळी नांगर ताशी ५ किलोमीटरने चालला, आणि वळणं-थांबे यांत पाचवा हिस्सा वेळ गेला असं धरलं, तर तासाला जवळपास ०.२४ हेक्टर होतं. म्हणजे एकराला पावणेदोन तासांच्या आत. पाच एकर एका दिवसात उरकतं. त्यापेक्षा मोठा नांगर आणि त्यासाठी मोठा ट्रॅक्टर घेण्याचं कारण एकच: तुमच्याकडे वाफसा (नांगरटीजोगी ओल) फारच थोडे दिवस टिकतो.

इंजिनचे एचपी म्हणजेच ओढ, असं समजणं

माहितीपत्रकावरचा आकडा इंजिनचा असतो. गिअरबॉक्स, टायरची घसरण आणि भुसभुशीत मातीत चाकं फिरवण्याचा खर्च वजा जाता, शेतात त्यातला साधारण निम्माच नांगरापर्यंत पोचतो.

हिशेब असा करा. दोन फाळ, प्रत्येकी ३० सेंमी रुंद, खोली २० सेंमी: कापलेल्या मातीचा छेद १२०० चौरस सेंमी. मध्यम जमीन दर चौरस सेंमीला सुमारे अर्धा किलो अडवते, म्हणजे ओढ ६०० किलो. ओढीला ताशी किलोमीटरने गुणा आणि २७० ने भागा: ६०० × ५ ÷ २७० = ११ एचपी. हे नांगराजवळचे. इंजिनला २२ हवेत, वर चौथा हिस्सा राखीव, म्हणजे २८ च्या आसपास. तीच जमीन भारी चिकण असेल तर अडथळा ०.८ किलोपर्यंत जातो, ओढ ९६० किलोवर आणि इंजिनची गरज ४५ एचपीवर. नांगर तोच, खोली तीच, फरक फक्त मातीचा.

"थोडं खोल घेऊ" म्हणून २० चे २५ सेंमी केले की छेद सव्वापट होतो. खालचा थर जास्त घट्ट असतो, त्यामुळे ओढ त्याहूनही जास्त वाढते. नेहमी जेवढं खोल नांगरणार तीच खोली हिशेबात धरा.

वजन न पाहणं

छोट्या ट्रॅक्टरच्या बाबतीत ही सगळ्यात महागात पडणारी चूक. एचपी भरपूर पण ट्रॅक्टर हलका, तर ताकद चाक फिरवण्यात जाते. टू-व्हील ड्राइव्हला शेतात मागच्या चाकांवरच्या भाराच्या ४० टक्क्यांच्या आसपास ओढ मिळते. ६०० किलो ओढायचे तर काम करताना मागच्या चाकांवर दीड टन भार हवा. ९६० किलोला २४०० किलो. फोर-व्हील ड्राइव्हमध्ये पुढच्या चाकांवरचं वजनही कामी येतं, म्हणून भारी जमिनीत कमी वजनाचा फोर-व्हील चांगला उतरतो.

घसरण मोजायला यंत्र लागत नाही. मागच्या टायरवर खडूची खूण करा. नांगर उचलून त्याच रानात चाकाचे दहा फेरे होऊ द्या आणि अंतर मोजा. मग नांगर लावून, त्याच गिअरमध्ये पुन्हा दहा फेरे. पहिलं अंतर ४२ मीटर, दुसरं ३६ आलं तर घसरण १४ टक्के. दहा ते पंधरा ठीक. वीसच्या पुढे गेली तर डिझेल आणि टायर दोन्ही वाया. तेव्हा टायरमध्ये पाणी भरा: व्हॉल्व्ह वर ठेवून त्याच्या पातळीपर्यंत, म्हणजे सुमारे पाऊण टायर. घसरण पाचच्याही खाली असेल तर वजन गरजेपेक्षा जास्त आहे, ते काढा. जमीन उगाच दाबली जाते.

नांगर ओढला म्हणजे हॅरोही ओढेल, असं धरणं

नांगरताना चाकं कडक जमिनीवर आणि तासाच्या, म्हणजे नांगराने पाडलेल्या चराच्या, घट्ट तळावर चालतात. हॅरोच्या (तव्यांनी ढेकळं फोडणाऱ्या अवजाराच्या) वेळी दोन्ही चाकं नुकत्याच मोकळ्या केलेल्या ढेकळांत रुततात. तिथे पकड कमी होते आणि ट्रॅक्टरला स्वतःलाच पुढे जाण्यासाठी जास्त जोर लागतो. ३५ एचपीच्या आसपास १२ तवे, ४५ च्या आसपास १४ तवे हा अंदाज धरा. भारी मातीत दोन तवे कमीच बरे. मात्र हॅरोची रुंदी मागच्या टायरांच्या बाहेरच्या कडा झाकेल एवढी हवीच, नाहीतर चाकाची वाट तशीच दाबलेली राहते.

१४ तव्यांच्या हॅरोचं वजन ४२० किलो असेल तर एका तव्यावर ३० किलोच येतात. मोकळ्या रानात ते चालतात, कडक न नांगरलेल्या रानात तवे वरच्या वर सरकतात. मग तव्यांचा कोन वाढवण्याआधी हॅरोवर वजन ठेवा. पहिल्या पाळीला कोन कमी, दुसरी पाळी आडवी.

मोठा ट्रॅक्टर, अरुंद नांगर

मागची चाकं एकमेकांपासून फार लांब असली की छोटा नांगर मधल्या रेषेवर बसत नाही, उजवीकडे राहतो. स्टिअरिंग सतत एका बाजूला ओढलं जातं, पहिला फाळ जास्त रुंद कापतो आणि तासं असमान पडतात. चाकांमधलं अंतर कमी करता येतं का, हे घेण्याआधी विचारा. पलटी नांगर (दोन्ही बाजूंना माती पलटणारा) घेणार असाल तर लिफ्टची, म्हणजे अवजार उचलण्याची, क्षमताही पाहा. तो साध्यापेक्षा बराच जड असतो. नांगर उचलल्यावर पुढच्या चाकांवर एकूण वजनाचा पाचवा हिस्सा तरी राहिला पाहिजे, नाहीतर स्टिअरिंग हलकं होतं.

ट्रॅक्टर दमतोय, पण कशाने?

चाकं फिरतात आणि इंजिनचा आवाज तसाच राहतो: वजन कमी पडतंय. इंजिन दबतं, काळा धूर येतो, पण चाकं घसरत नाहीत: एक गिअर खाली घ्या, तरी तसंच राहिलं तर नांगर मोठा आहे. दोन्ही ठीक आणि नांगर वर येतो: फाळ झिजलेला आहे, किंवा टॉप लिंक (नांगराला वरून जोडणारा दांडा) लांब आहे. ती आखूड करा, ड्राफ्ट लिव्हर (ओढीनुसार नांगर वर-खाली करणारा) तपासा. हॅरोला मात्र पोझिशन लिव्हर (अवजाराची उंची ठरवणारा) वापरा.

यातलं काहीच लागू होत नसेल तर माती पाहा. नांगराच्या खोलीवरची माती मुठीत दाबा. गोळा झाला आणि बोटाने दाबताच फुटला तर नांगरा. नुसताच दबला तर थांबा, ओल्या रानात कितीही एचपी लावले तरी चाकं घसरणारच.

ट्रॅक्टर रुतला तर साखळी ओढणाऱ्या ट्रॅक्टरच्या फक्त ड्रॉबारला (मागच्या बाजूच्या खालच्या ओढपट्टीला) अडकवा. टॉप लिंकच्या जागी किंवा मागच्या ॲक्सलला अडकवून जोर लावला तर पुढची चाकं उचलली जातात आणि ट्रॅक्टर चालकाच्या अंगावर मागे उलटतो.