अ‍ॅलेक्स झिडियास यांची आठवण कशी जागवावी

2024 मध्ये, वयाच्या 102व्या वर्षी झिडियास गेले. जुन्या गाड्यांत फेरफार करून त्या वेगवान करायच्या, म्हणजे हॉट रॉड बनवायच्या, या छंदातलं हे मोठं नाव. आमच्या लॉस एंजेलिसच्या हॉट रॉडवाल्यांना मी एकच सांगतो: भाषणं राहू द्या, आधी गॅरेजमधलं फ्लॅटहेड, म्हणजे फोर्डचं जुनं व्ही-8 इंजिन, सुरू करा.

बरेच महिने बंद असेल तर घाई नको. स्पार्क प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा आणि इंजिन हाताने फिरवून बघा. कुठे अडत नसेल तरच ताजं पेट्रोल भरा. रेडिएटरमध्ये पाणी हवंच. या जुन्या फोर्ड व्ही-8चा जळका वायू ब्लॉकच्या पोटातूनच बाहेर पडतो, त्यामुळे ते फार लवकर तापतं. तापमानाच्या काट्यावरची नजर हलवू नका.

आवाज एकसारखा झाला की बंद करा आणि पोरांना जवळ घ्या. 1946 साली लष्करातून सुटताच या माणसाने बरबँकला सो-कॅल स्पीड शॉप, म्हणजे गाड्या वेगवान करायच्या सामानाचं दुकान, उघडलं, हे सांगा. विमानाच्या जादा इंधनाच्या टाकीत इंजिन बसवून युटामधल्या बॉनव्हिलच्या मिठाच्या सपाट मैदानावर पळवलेल्या त्यांच्या गाडीचा फोटो दाखवा. काय देखणी गाडी ती! पोरं प्रश्न विचारतीलच. उत्तरं देता देता पाना त्यांच्या हातात द्या, पुढचे प्लग त्यांनाच काढू द्या.