कॉम्प्युटर अपग्रेड करताय? एसएमपीएसच्या या चुका टाळा

ग्राफिक कार्ड कुठलं घ्यायचं यावर पोरं महिना-महिना व्हिडिओ बघतात. एसएमपीएसचा, म्हणजे मशीनला पॉवर देणाऱ्या डब्याचा विषय मात्र एका वाक्यात मिटतो: "साडेचारशेचा आहे ना, चालतंय." मग कार्ड येतं, बसतं, डेस्कटॉप दिसतो, सगळे खूश. गेम लावला की थोड्या वेळात मशीन धाडकन बंद. एसएमपीएस देणारा कार्डाला दोष देतो, कार्ड देणारा विंडोजला, आणि विंडोज नव्यानं टाकून झालं तरी रोग तिथंच.

मराठवाड्यात त्यात आपल्या लाइटची भर. महानगरात बसून केलेल्या व्हिडिओत डीपी, शेतातल्या मोटारी आणि संध्याकाळी पडणारं व्होल्टेज नसतं. म्हणून नुसते वॅट बघून इथं भागत नाही.

खोक्यावरचा आकडा खरा धरणं

एसएमपीएस हातात घ्या आणि बाजूचं स्टिकर वाचा. त्यावर ३.३, ५ आणि १२ व्होल्टचे वेगवेगळे रकाने असतात, प्रत्येकाखाली अँपिअर. आजचा प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड जवळपास सगळं १२ व्होल्टवर ओढतात, त्यामुळं तेवढाच रकाना कामाचा. कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या "४५०" वर तिथं कधी कधी १६ अँपिअर लिहिलेलं असतं. १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॅट. बाकीचे वॅट ३.३ आणि ५ व्होल्टच्या रकान्यात दाखवून बेरीज फुगवलेली असते, आणि तिथं ते कुणाला लागत नाहीत.

एक हिशोब करून बघू. इंटेल आय-५ १२४००एफ जोरात चालला की ११७ वॅटपर्यंत जातो. आरटीएक्स ३०६० चे १७०. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून ५०-६० धरा. झाले साधारण ३४५. भागिले १२, म्हणजे २९ अँपिअर. १६ अँपिअरवर २९ चा भार म्हणजे तीन एचपीच्या स्टार्टरवर साडेपाच एचपीची मोटार. एनव्हिडिया या कार्डासाठी ५५० वॅटचा एसएमपीएस सांगते, ते उगाच नाही. चांगल्या ५५० च्या स्टिकरवर १२ व्होल्टला ४५ अँपिअरच्या आसपास आकडा असतो. वरची जागा लागतेच, कारण ग्राफिक कार्ड काही मिलिसेकंदांसाठी आपल्या ठरलेल्या वॅटच्या बरंच वर उसळी मारतं, आणि त्या उसळीलाच हलका एसएमपीएस दम सोडतो.

स्टिकरवर १२ व्होल्टचे दोन रकाने असले तर त्यांची सरळ बेरीज करू नका. खाली दोन्ही मिळून किती, ते वेगळं दिलेलं असतं. तो आकडा खरा.

"८० प्लस"चा शिक्का वीज किती वाया जाते ते सांगतो, टिकाऊपणाची हमी देत नाही. त्यात ब्राँझ, गोल्ड अशा पायऱ्या असतात; घरच्या मशीनला ब्राँझ पुरे. गोल्ड घेतल्यानं बिल वाचेल असं कुणी म्हणालं तर हिशोब मांडा: ३०० वॅटच्या भाराला दोघांत साधारण २० वॅटचा फरक. रोज चार तास चालवलं तर महिन्याला अडीच युनिटसुद्धा वाचत नाहीत. ते पैसे चांगल्या यूपीएसमध्ये घाला.

सेकंडहँड ऑफिस मशीनमध्ये साधा एसएमपीएस बसेल असं धरणं

आपल्याकडं, विशेषतः लातूर-नांदेडच्या क्लासवाल्या पोरांत, डेल, एचपी, लेनोव्होची जुनी ऑफिस मशीन जोरात खपतात. कुणी पुण्याहून आणतं, नांदेडकर देवगिरी एक्स्प्रेस धरून सिकंदराबादच्या चिनॉय ट्रेड सेंटरमधून. मशीन दणकट असतात यात वाद नाही. अडचण अपग्रेडला येते.

साध्या मदरबोर्डाचा मुख्य प्लग २४ पिनचा. डेल ऑप्टिप्लेक्स ३०२०, ७०२०, ९०२० मध्ये तो ८ पिनचा आहे. एचपीच्या बऱ्याच ऑफिस मॉडेलांत ६ पिनचा. त्यातल्या अनेकांत हार्ड डिस्कची पॉवरसुद्धा मदरबोर्डवरूनच निघते. बाजारातला एटीएक्स, म्हणजे साध्या मापाचा एसएमपीएस आणला की प्लगच जुळत नाही. स्लिम कॅबिनेट असेल तर डबाही आत मावत नाही: एटीएक्सची रुंदी १५० आणि उंची ८६ मिलिमीटर, ती जागा तिथं नसतेच.

अडॅप्टर वायरी मिळतात. पण त्या मॉडेलनिहाय असतात. "डेलला चालते" एवढ्या तोंडी हमीवर घेऊ नका. माझं विचाराल तर अशा मशीनमध्ये एसएमपीएसला हातच लावू नये. मदरबोर्डच्या स्लॉटमधून मिळणाऱ्या पॉवरवर चालणारं कार्ड घ्यावं. पीसीआय एक्स्प्रेसच्या मोठ्या स्लॉटची मर्यादा ७५ वॅट. जीटीएक्स १६५० ची वेगळा पॉवर प्लग नसलेली मॉडेलं किंवा ७० वॅटचं आरटीएक्स ३०५० सहा जीबी त्यात बसतं. नाव तेच आणि वर ६ पिनचा प्लग, अशीही १६५० मिळतात, तेव्हा फोटो बघून ऑर्डर करा. स्लिम मशीनला बुटकी पट्टी असलेलं, म्हणजे लो-प्रोफाइल कार्ड लागेल, आणि काही जुन्या स्लिम मॉडेलांत स्लॉटची मर्यादा ७५ पेक्षाही कमी असते, ती आधी तपासा.

वायर बसली म्हणजे जुळली, असं समजणं

८ पिनचे प्लग दोन प्रकारचे. प्रोसेसरच्या प्लगात चार पिवळ्या, चार काळ्या. ग्राफिक कार्डाच्या प्लगात तीन पिवळ्या, पाच काळ्या. वायरी सगळ्याच काळ्या असतील तर प्लगवरचं बारीक अक्षर वाचा. खाचा वेगळ्या असल्यानं एक दुसऱ्यात सहज जात नाही. जात नसेल तर जोर लावू नका, एवढंच.

मॉड्युलर, म्हणजे एसएमपीएसपासून सुट्या होणाऱ्या वायरींचं प्रकरण जास्त महाग पडतं. एसएमपीएसच्या बाजूला कुठली पिन कुठं, याचा सगळ्या कंपन्यांत मिळून काही एक नियम नाही. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही फरक निघतो. मित्राकडची जास्तीची साटा वायर (हार्ड डिस्क-एसएसडीला पॉवर देणारी) आपल्या एसएमपीएसला लावली, ती टचकन बसली, आणि ५ व्होल्टच्या जागी १२ गेले की हार्ड डिस्क, एसएसडी सगळं एका झटक्यात गेलं. एसएमपीएस बदलला की त्याच्यासोबतच्याच वायरी लावा, जुन्या ओढलेल्या तशाच ठेवायचा मोह टाळा.

जुन्या चार पिनच्या मोलेक्समधून साटा काढणारा अडॅप्टर वापरावाच लागला तर बघून घ्या. ज्याचं प्लास्टिक वायरींवर एकसंध ओतलेलं असतं, तो आतून शॉर्ट होऊन पेटल्याच्या घटना आहेत. दाबून बसवलेल्या, उघडता येणाऱ्या प्लगाचा घ्या. आणि मोलेक्समधून ग्राफिक कार्डाला पॉवर? नको. ज्या एसएमपीएसला ६ किंवा ८ पिनचा प्लगच दिलेला नाही, तो ते कार्ड ओढण्यासाठी बनवलेला नाही.

घरची लाइट हिशोबात न धरणं

रब्बीत मोटारी सुरू झाल्या की गावाकडं व्होल्टेज १८० च्याही खाली येतं. स्टिकरवर "इनपुट" म्हणून एक ओळ असते, ती कुणी वाचत नाही. एकावर २०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं, दुसऱ्यावर १०० ते २४०. शहरात दोन्ही चालतील. डीपीवर भार असलेल्या वस्तीत दुसराच घ्या. थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील. फार जुन्या एसएमपीएसच्या मागं ११५/२३० चा लाल खटका असतो. व्होल्टेज कमी येतंय म्हणून तो ११५ वर करण्याची अक्कल कुणी दिली तर ऐकू नका, लाइट सुधारली की त्याच क्षणी धूर निघेल.

यूपीएस जुनाच ठेवणं ही नेहमीची चूक. ६०० व्हीएचा यूपीएस बहुधा ३६० वॅटचा असतो. वरच्या हिशोबातलं ३४५ वॅटचं मशीन भिंतीतून चारशेच्या वर ओढतं, त्यात मॉनिटर आला. लाइट गेली की यूपीएस नुसता बोंबलतो आणि बसतो. हजार-अकराशे व्हीएचा घ्या. शिवाय चांगल्या एसएमपीएसमध्ये अॅक्टिव्ह पीएफसी (पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट) असतं, आणि काही स्वस्त यूपीएसची पायऱ्या-पायऱ्यांची वेव्ह त्याला मानवत नाही. लाइट जाताक्षणी मशीन बंद होतं. दुकानातच मशीन लावून यूपीएसचा प्लग ओढून बघा, म्हणजे वाद राहत नाही. घरच्या इन्व्हर्टरवर चालवत असाल तर त्याच्या मागचा खटका यूपीएस मोडवर हवा.

आता अर्थिंग. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात, ही तक्रार घरोघरी. एसएमपीएसच्या तोंडाशी फिल्टरचे कपॅसिटर असतात, त्यांचं एक टोक पत्र्याला जोडलेलं असतं. अर्थिंग नसेल तर पत्र्यावर जवळपास निम्मं व्होल्टेज उभं राहतं. करंट बारीक असतो म्हणून माणूस वाचतो, पण यूएसबीला काही जोडताना पोर्ट जाऊ शकतं. वायरमनकडून फेज आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजून घ्या. ते फेज-न्यूट्रलएवढंच यायला हवं. आपल्या काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, अर्थिंगचा खड्डाही कोरडा पडतो. एप्रिल-मेमध्ये त्यात पाणी ओतत जा. एक जुगाड मात्र अजिबात करू देऊ नका: बोर्डातच न्यूट्रलला अर्थ जोडून देणं. मुंग्या थांबतात खऱ्या, पण न्यूट्रल तुटला की सगळा पत्रा २३० व्होल्टवर येतो.

न्यूट्रल तुटण्यावरून आठवलं. वाऱ्या-वावधनात डीपीकडचा न्यूट्रल सुटला की एका घरात दिवे मिणमिणतात आणि दुसऱ्यात भगभगतात, कारण दोन फेजच्या मध्ये दोन्ही घरं अडकतात आणि व्होल्टेज चारशेकडं जाऊ शकतं. दिवे असे दिसले की आधी मेन स्विच पाडा, मग लाइनमनला फोन. अशा वेळी कितीही भारी एसएमपीएसचा भरवसा नाही.

बंद पडतंय, तर कुठून सुरुवात करायची

फक्त गेममध्येच बंद होतं का ते बघा. तसं असेल आणि प्रोसेसर तापत नसेल, तर संशय एसएमपीएसवर. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये "कर्नेल पॉवर ४१" दिसलं म्हणून एसएमपीएसच गेला असं नाही. मशीन नीट शटडाउन न होता बंद पडलं एवढाच त्याचा अर्थ. हिरव्या वायरीला काळी जोडून पंखा फिरवून बघायची युक्ती सगळ्यांना माहीत आहे. त्यातून एसएमपीएस पूर्ण मेला की नाही एवढंच कळतं, भार झेलतो का ते कळत नाही. गेम चालू असताना मोलेक्सच्या पिवळ्या-काळ्यावर मल्टिमीटर धरा: ११.४ ते १२.६ च्या बाहेर गेलं की बदला.

उन्हाळ्यातच त्रास होत असेल तर स्टिकरवर किंवा कंपनीच्या माहितीत वॅट कुठल्या तापमानाला दिलेत ते शोधा. स्वस्त एसएमपीएसचे आकडे २५ अंशांचे असतात, बऱ्यापैकी असलेल्यांचे ४० किंवा ५०. परभणीच्या मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत २५ अंश कुठून आणायचे? जाळीतली धूळ ब्लोअरनं बाहेरूनच उडवा, पंखा काडीनं अडवून धरा. डबा मात्र उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट बराच वेळ राहू शकतात. आत पाल मेली असेल तरी ते काम रिपेअरवाल्याचंच.