मंचावरचे दिवे घरीच दुरुस्त करायचे असतील तर

इंदूरमध्ये गणपती तोंडावर आले की लाइटवाला फोन उचलत नाही. गल्लोगल्लीचे मांडव, मंडळांच्या एकांकिका, अनंत चतुर्दशीच्या झांक्या (चित्ररथ) आणि पाठोपाठ नवरात्र. या धामधुमीत दुरुस्तीला टाकलेला दिवा हातात येईपर्यंत दिवाळी उलटून जाते. ज्या हौशी मंडळांकडे किंवा शाळांकडे स्वतःचे चार-सहा दिवे आहेत, त्यांनी ते श्रावणातच खोक्यातून काढून उघडून पाहावेत. काम वाटतं तेवढं अवघड नाही. एक गोष्ट मात्र आधीच सांगतो: 'दिवा गेला' म्हणून आपण ज्याला हात लावतो तो बल्ब बरेचदा धडधाकट असतो. गेलेला असतो तो होल्डर, एखादा सांधा नाहीतर वायर. ते न तपासता नवा बल्ब आणून बसवला की तोही त्याच वाटेने जातो.

आधी प्लग काढा

नुसतं बटण बंद करून भागत नाही. वायरिंग उलटसुलट झालेलं असेल तर बटण न्यूट्रलवर असू शकतं आणि आत फेज तसाच राहतो. डिमर शून्यावर आणला तरी त्यातून थोडी वीज झिरपतच असते. म्हणून प्लग उपसून काढा आणि तो आपल्या डोळ्यांसमोर ठेवा. हॅलोजन नुकताच बंद केला असेल तर अर्धा तास हात लावू नका.

फार जुना दिवा उघडल्यावर आतल्या वायरींवर पांढुरकं, कापसासारखं आवरण दिसलं तर ते खरवडू नका, फुंकर मारू नका. ते अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. असा दिवा तसाच बंद करून बाजूला ठेवा, त्याच्या दुरुस्तीच्या नादी लागू नका.

हॅलोजन: पार ६४ आणि फ्रेनेल

पार ६४ म्हणजे बल्ब, आरसा आणि काच एकत्र बंद केलेला दिवा, फ्रेनेल म्हणजे पुढे कड्याकड्यांचं भिंग असलेला. मल्टिमीटर ओहमवर, म्हणजे रोध मोजायच्या खुणेवर लावा आणि प्लगच्या फेज व न्यूट्रल पिनांना टेकवा. १००० वॅटचा धडधाकट दिवा थंड असताना साधारण ४ ओहम दाखवतो. इथेच नवशिके फसतात, एवढा कमी आकडा म्हणजे शॉर्ट असं समजून दिवा खोलत बसतात. टंगस्टनची तार तापली की तिचा रोध कितीतरी पटींनी वाढतो, जळताना तो ५० ओहमच्या पुढे जातो. ४ हा आकडा ठीक आहे. अगदी शून्य दाखवलं तर शॉर्ट, काहीच दाखवलं नाही तर वाट कुठेतरी तुटली आहे.

वाट तुटलेली निघाली तर बल्ब काढा आणि त्याच्याच पिनांवर मोजा. तिथे ४ ओहम आले की बल्ब निर्दोष, आता होल्डरकडे वळा.

होल्डर उजेडात धरून नीट बघा. चिनी मातीच्या खाचेत आत दोन धातूच्या पट्ट्या असतात, त्यांनी पिना घट्ट धरायच्या असतात. पट्टी निळसर-काळी पडली असेल, कडेला मण्यासारखा वितळलेला ठिपका असेल, जळका वास येत असेल तर तिचा ताण गेला. पकड सैल झाली की ठिणगी उडते, ठिणगीने पट्टी तापते, तापली की आणखी सैल होते. बल्बच्या पिनांवर खड्डे पडलेले दिसतात ते यानेच. पॉलिश पेपर घासून पट्टी चमकवणं हा आपल्याकडचा आवडता उपाय आहे, पण त्याने वरचा मुलामा जातो आणि गेलेला ताण परत येत नाही. होल्डर बदला. पिना खड्ड्या-खड्ड्यांच्या झाल्या असतील तर चालू बल्बही बदला, नाहीतर तो नवा होल्डर खाईल. दोन्हींचा खर्च एकदम होतो हे खरं, पण तो टाळण्यात शहाणपण नाही.

बाजारात जाताना जुना होल्डर खिशात घेऊनच जा. फ्रेनेलमध्ये जीएक्स ९.५ आणि जीवाय ९.५ असे दोन बेस सर्रास सापडतात. दोन्हींत पिनांमधलं अंतर ९.५ मिलिमीटर, घडण मात्र वेगळी. पार ६४ चा बेस जीएक्स १६डी, तो या दोघांपेक्षा रुंद. नुसतं 'हजार वॅटचा होल्डर द्या' म्हणालात तर दुकानदार काय काढून देईल ते सांगता येत नाही. वायर, चिनी मातीचे कनेक्टर, लग्ज (वायरीच्या टोकाला चेपून बसवायचे धातूचे तुकडे) हे महाराणी रोडवर मिळतं. मंचाच्या दिव्यांचे होल्डर आणि बल्ब मात्र हुडकावे लागतात, वेळेवर मिळाले नाहीत तर बाहेरून मागवावे लागतात. म्हणून तर श्रावण.

आता वायर. घरच्या वायरिंगची साधी पीव्हीसी वायर दिव्याच्या आत कधीही घालू नका. ती ७० अंशांपर्यंतची असते, हॅलोजनच्या पाठीमागे त्याच्या कितीतरी वर तापमान जातं. आवरण आधी मऊ होतं, मग कडक होऊन तडकतं आणि एक दिवस तार पत्र्याला चिकटते. दुकानात 'सिलिकॉन वायर, दीड एमएम' मागा आणि वरून चढवायला ग्लास स्लीव्ह, म्हणजे काचेच्या धाग्यांची नळी घ्या. होल्डरजवळच्या सांध्याला डाग देऊ नका. साधं सोल्डर १९० अंशांच्या आसपास वितळतं, म्हणजे ऐन तिसऱ्या अंकात सांधा सुटणार. लग चेपून बसवा किंवा चिनी मातीचा कनेक्टर वापरा.

बल्ब बसवताना उघड्या काचेला बोट लावू नका. त्वचेचं तेल लागलेल्या जागी काच तापून पांढरी पडते, फुगते. बोट लागलंच तर स्पिरिटच्या बोळ्याने पुसा. पारच्या बंद दिव्याला ही भीती नाही. दिव्यावर लिहिलेल्या वॅटपेक्षा मोठा बल्ब मात्र कोणत्याच दिव्यात नको.

अर्थिंग आणि सिरीज बोर्ड

झाकण लावल्यावर मीटरचं एक टोक प्लगच्या जाड पिनेला आणि दुसरं दिव्याच्या पत्र्याला लावा. १ ओहमच्या आत यायला हवं. येत नसेल तर बहुधा अर्थच्या स्क्रूखाली रंग आहे. तेवढी जागा घासून पत्रा उघडा करा आणि दातेरी वायसर घालून स्क्रू आवळा. रंगकर्मी उघड्या हातांनी या दिव्यांची तोंडं फिरवतात, हे विसरू नका.

मग सिरीज बोर्ड, म्हणजे १०० वॅटचा साधा तारेचा बल्ब मध्ये जोडलेला बोर्ड. हॅलोजन तपासताना दिव्यातला बल्ब आधी काढून ठेवा, कारण थंड हॅलोजनचा रोध इतका कमी की बोर्डाचा बल्ब तसाही पूर्ण पेटेल आणि काहीच कळणार नाही. रिकाम्या दिव्यावर बोर्डाचा बल्ब विझलेला राहिला पाहिजे. पेटला तर आत शॉर्ट आहे.

एलईडी पार

इथे तक्रारीवरूनच अर्धं निदान होतं. वीस-पंचवीस मिनिटांनी मंद होतो किंवा आपोआप बंद पडतो? पंखा बघा. रंगपंचमीच्या गेरीत (रंगांच्या मिरवणुकीत) राजवाड्याकडे गेलेला दिवा असेल तर आत गुलालाचा थर सापडेल. ब्रशने झाडा. हवा मारताना पाती बोटाने धरून ठेवा, मोकळी भन्नाट फिरू देऊ नका. पंखा अडकत असेल तर त्याच मापाचा आणि त्याच व्होल्टेजचा दुसरा घ्या. बऱ्याच दिव्यांत तो १२ व्होल्टचा असतो, तरी मागचं लेबल वाचाच.

पूर्ण मेलेल्या दिव्यात आधी काचेचा फ्यूज पाहा. तार नुसती तुटली असेल तर त्याच अँपिअरचा नवा घालून सिरीज बोर्डावर लावा. बोर्डाचा बल्ब क्षणभर चमकून मंदावला तर ठीक. फ्यूज आतून काळा झाला असेल तर पॉवर सप्लाय शॉर्ट आहे, मोठा फ्यूज घातल्याने तो सुधारत नाही. त्यातल्या मोठ्या कपॅसिटरवर प्लग काढल्यानंतरही ३२५ व्होल्टपर्यंत दाब राहू शकतो. काही मिनिटं थांबा, मीटरने मोजा, मगच हात घाला. सप्लायचे भाग एकेक बदलत बसण्यापेक्षा अख्खा बोर्ड बदलणं सामान्य माणसाला सोपं. आउटपुटचं व्होल्टेज तेच, अँपिअर तितके किंवा जास्त, आणि भोकांचं माप जुळणारं.

एकाच रंगाची ओळ विझली असेल तर बहुधा ती ओळ सिरीजमध्ये आहे आणि तिच्यातला एक दाणा, म्हणजे एक छोटा एलईडी, उडाला आहे. लाल दाण्याला साधारण २ व्होल्ट लागतात, निळ्या-हिरव्याला ३ च्या आसपास. त्यामुळे मीटरच्या डायोड खुणेवर लाल मिणमिणतो, निळा कधीकधी चांगला असूनही गप्प राहतो. दाण्याची पट्टी अ‍ॅल्युमिनियमची असते, ती सगळी उष्णता ओढून घेते. २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने तास घालवलात तरी दाणा हलणार नाही. खालून हॉट प्लेटने पट्टी गरम करा, नवा दाणा बसवताना धन-ऋण जुळवा, पट्टी परत लावताना थर्मल पेस्ट नवी लावा.

दिवा मनाला येईल तसा लुकलुकत असेल, रंग आपोआप बदलत असतील, तर तो उघडण्याआधी डीएमएक्सची, म्हणजे कंट्रोल बोर्डाकडून दिव्यांना हुकूम पोचवणारी केबल बदलून पाहा. माइकची केबल दिसायला तशीच असते, पण या कामाची नाही. साखळीतल्या शेवटच्या दिव्यावर २ आणि ३ नंबरच्या पिनांमध्ये १२० ओहमचा रेझिस्टर नसला तरी हाच चाळा चालतो.

दुरुस्त दिवा सरळ बारवर, म्हणजे दिवे टांगायच्या पाइपवर, चढवू नका. जमिनीवर, पडद्यापासून दूर, तासभर पूर्ण उजेडात ठेवा आणि वास घेत राहा. लटकवताना क्लॅम्पशिवाय वेगळी सेफ्टी चेन हवीच. एका लाइनवर हजार वॅटचे दोन हॅलोजन जोडणार असाल तर ८ अँपिअरच्या वर जातं, तेव्हा ६ अँपिअरचा प्लग नको, १६ चा लावा. डिस्चार्ज बल्बची (तारेऐवजी वायूतल्या ठिणगीने पेटणाऱ्या बल्बची) मूव्हिंग हेड, म्हणजे आपोआप डोकं फिरवणारे दिवे, मात्र उघडूच नका. त्या बल्बमध्ये दाब असतो, तो फुटू शकतो, आणि पेटवणीला काही हजार व्होल्ट लागतात. ती कारागिराकडेच द्या, दिवाळीनंतर मिळाली तरी चालेल.